रोग्यालाच विचारावें



३० सप्टेंबर १९९३ ची पहांट मराठवाड्यांतील कोणीहि विसरूं शकणार नाहीं. आदल्या दिवशीं गणपतींचें विसर्जन झालें होतें. माणसें थकून निजलीं होतीं. आणि चार वाजण्याच्या सुमारास तेरणेच्या काठचीं गांवें कांहीं सेकंदांत मातीस मिळालीं. किल्लारीचें नांव सर्वतोमुखीं झालें. पण सास्तूर, होळी, राजेगांव, पेठसांगवी हीं गांवेंहि त्याच तडाख्यांत सांपडलीं होतीं. हीं गांवें तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतलीं, ज्याला २०२३ पासून आपण धाराशिव जिल्हा म्हणतों. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवर मातीचें जड माळवद अशा ज्या घरांनीं पिढ्यान् पिढ्या ऊनपावसापासून माणसांना राखलें, त्याच घरांनीं त्या रात्रीं त्यांना गाडून टाकलें. जवळजवळ दहा हजार माणसें गेलीं. गेलेल्यांची मोजदाद झाली, आणि जे राहिले त्यांच्यासाठीं बावन्न गांवें नव्या जागीं पुन्हां वसविण्यांत आलीं.

परंतु या राहिलेल्यांतहि एक वर्ग असा होता, कीं ज्याची आठवण लवकरच मागें पडली. तुळईखालीं ज्यांचा पाठीचा कणा मोडला, भिंतीखालीं ज्यांचा पाय गेला, अशीं माणसें इस्पितळांतून घरीं परत आलीं तीं कायमची अपंग होऊन. या भूकंपग्रस्तांच्या जोडीला प्रत्येक गांवांत आधींपासून कोणी आंधळे, कोणी बहिरे, कोणी पोलिओनें पाय गेलेले, कोणी मंदबुद्धि असे होतेच. या सर्वांना तुमच्याआमच्यासारखाच ताप येतो. त्यांचेहि दांत दुखतात. त्यांच्याहि घरीं पाळणा हालतो. तेव्हां तेहि डॉक्टरच्या दारीं येतात. तेथें त्यांची गत काय होते, आणि त्यांची सेवा कशी करावी हें डॉक्टरांना, परिचारिकांना व इतर सेवकवर्गाला कसें शिकवितां येईल, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

आरंभींच एका शब्दाविषयीं खुलासा केला पाहिजे. सरकारी कागदोपत्रीं आतां 'दिव्यांग' हा शब्द रूढ झाला आहे. मी मात्र जुना 'अपंग' हाच शब्द वापरणार आहें. नव्या नांवानें कोणाचा मान वाढत असेल तर मला आनंदच आहे. परंतु नांव बदललें म्हणून इस्पितळाचा उंबरठा एक इंचानेंहि खालीं आलेला नाहीं, हें आपण विसरूं नये.

या विषयावर बोलण्याचा अधिकार मला कसा प्राप्त झाला, हें सांगावयाचें म्हणजे स्वतःच्या एका चुकीची कबुली देणें आहे. भूकंपानंतर तीनएक वर्षांनीं मी त्याच भागांतल्या एका लहानशा इस्पितळांत डॉक्टर म्हणून रुजू झालों. पदवी ताजी होती, आणि ताज्या पदवीबरोबर जो आत्मविश्वास येतो तोहि ताजा होता. एके दिवशीं दुपारीं एका बाईंना त्यांच्या भावानें टेंपोंतून आणलें. वय तिशीचें. भूकंपांत तुळई पाठीवर पडून त्यांचें कमरेखालचें सारें अंग लुळें व बधिर झालें होतें. चार दिवसांपासून थंडी वाजून ताप येत होता. मीं भावाला विचारलें, "यांना काय होतें?" भावानें सांगितलें. मीं विचारलें, "जेवतात का? झोप लागते का?" भावानें सांगितलें. बाई माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मी भावाच्या तोंडाकडे पाहत होतों. तपासणीचें टेबल उंच. त्यावर त्यांना कसें चढवावें हें ना मला ठाऊक होतें, ना कंपाउंडरला. म्हणून स्ट्रेचरवरच जीभ पाहिली, छाती पाहिली, पोट पाहिलें, आणि हिंवताप समजून औषध सुरू केलें.

तीन दिवस गेले, ताप हटेना. चौथ्या दिवशीं चादर बदलावयास आलेल्या आयाबाईंनीं त्यांना कुशीवर वळविलें आणि मला हांक मारली. कमरेच्या खालीं, माकडहाडापाशीं मुठीएवढी जखम होती. ती हाडापर्यंत पोंचली होती. ताप हिंवतापाचा नव्हताच. तो त्या जखमेचा होता. जखमेची वेदना त्यांना कळण्याचा मार्ग नव्हता, कारण तो भाग बधिर होता. पण ती शोधण्याचा मार्ग मला मोकळा होता, आणि मीं पाठ उलटून पाहिली नव्हती. त्यांना मोठ्या इस्पितळांत पाठविलें. त्या वांचल्या, परंतु चार महिने त्यांना पालथें पडून काढावे लागले. पुढें एकदां भेटल्या तेव्हां रागानें नव्हे, अगदीं सहज म्हणाल्या, "ताप यायच्या आधी आठ दिस पाय सारखे आकडत व्हते. कुठंतरी बिघडलंय हे मला उमगलं व्हतं. मला इचारलं असतं तर सांगितलं असतं की, डॉक्टरसायब."

श्रोतेहो, या वाक्यांत जेवढें वैद्यक होतें तेवढें माझ्या त्या दिवसाच्या तपासणींत नव्हतें. पाठीचा कणा दुखावलेल्या माणसाला बधिर भागांत वेदना होत नाहीं. पण तेथें कांहीं बिघडलें कीं पाय आपोआप आंखडूं लागतात, थरथरतात, ताठतात. शरीर नेहमींची भाषा विसरलेलें असतें, तरी तें मुकें होत नाहीं. दुसऱ्या भाषेंत बोलतें. ती भाषा त्या बाई तीन वर्षांत शिकल्या होत्या. मला ती कोणी शिकविली नव्हती, आणि जी व्यक्ति शिकवूं शकत होती तिला मीं तोंड उघडूं दिलें नव्हतें.

आतां कोणी म्हणेल कीं, ही एका नवशिक्या डॉक्टरची चूक. तिचा एवढा विस्तार कशाला? परंतु वैद्यकाचा इतिहासच सांगतो कीं, येथें प्रश्न एका माणसाच्या हुषारीचा नसून शिक्षणाचा आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळीं कणा मोडलेले बहुतेक सैनिक थोड्याच अवधींत मरत. कण्याच्या जखमेनें नव्हे, तर शय्याव्रणांनीं आणि मूत्रमार्गाच्या दोषांनीं. डॉक्टरहि त्यांची आशा सोडून देत. १९४४ सालीं इंग्लंडांत स्टोक मँडेव्हिल येथें लुडविग गुटमन या डॉक्टरांकडे अशा रोग्यांचा विभाग सोंपविण्यांत आला. हे गृहस्थ जर्मनींतून परागंदा झालेले ज्यू होते. त्यांनीं कोणतेंहि अद्भुत औषध शोधून काढलें नाहीं. दर दोन तासांनीं, रात्रीं आणि दिवसां, रोग्याची कूस बदलली पाहिजे. त्याची कातडी डोळ्यांनीं पाहिली पाहिजे. त्याच्या लघवीची व्यवस्था स्वच्छपणें झाली पाहिजे. आणि तो कामाला व खेळाला लागला पाहिजे, असा त्यांनीं दंडक घातला, आणि तो दंडक प्रत्येक परिचारिकेच्या व सेवकाच्या हातीं बसविला. जे रोगी मरावयाचे ते जगूं लागले. त्यांच्याच खेळांतून पुढें जागतिक स्पर्धा निघाल्या, आणि १९७२ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें आपल्या सांगली जिल्ह्याच्या मुरलीकांत पेटकरांनीं पोहण्यांत सुवर्णपदक मिळविलें. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून तेहि अपंग झाले होते. सारांश, शिकलेले हात जेथें असतात तेथें अपंगत्व हें मरणाचें कारण होत नाहीं.

जी गोष्ट कण्याच्या रोग्याची तीच थोड्या फरकानें इतरांची. अपंगाची कोणतीहि तक्रार त्याच्या अपंगत्वाच्या खात्यावर टाकून मोकळें होण्याची वैद्यकांत एक जुनी खोड आहे. मंदबुद्धि मुलगा एकाएकीं डोकें आपटून घेऊं लागला, तर "हीं मुलें अशींच" असें म्हणून त्याला गुंगीचें औषध देण्यांत येतें. त्याचा कान फुटला आहे किंवा दाढ ठणकते आहे, हें पाहावयाचें राहून जातें. बहिऱ्या बाईशीं डॉक्टर कागदांत डोकें खुपसून बोलतात. ओठ दिसत नाहींत म्हणून तिला कांहींच कळत नाहीं, आणि ती मान हलविते ती केवळ भिडेनें. ती मान म्हणजे शस्त्रक्रियेची संमति असें समजून अंगठा उठविला जातो. आंधळ्या म्हाताऱ्याच्या हातीं सारख्याच आकाराच्या तीन पुड्या देऊन "ही सकाळीं, ही रात्रीं" असें सांगण्यांत येतें. पोलिओ झालेली स्त्री गरोदर राहून आली तर तिच्या प्रकृतीची विचारपूस होण्याआधीं, हिला मूल हवेंच कशाला, अशी नजर तिच्याकडे वळते. यांत दुष्टपणा कोणाचाच नसतो. असतें तें अज्ञान. आणि अज्ञान हा रोग शिक्षणानें बरा होणारा आहे.

मौज अशी आहे कीं, अपंग माणूस सरकारी इस्पितळाला अपरिचित नाहीं. तो तेथें येतो. पण बहुधा दाखल्यासाठीं येतो. ठरलेल्या वारीं रांग लागते. हाताचें, पायाचें, डोळ्याचें, कानाचें माप घेतलें जातें, आणि अपंगत्व शेंकडा किती हें ठरतें. चाळीस वा अधिक ठरलें तर सवलतींचें दार उघडतें. हा दाखला आवश्यकच आहे. पण त्याच रांगेंतल्या माणसाला खोकला किती दिवसांचा आहे, त्याची साखर वाढली आहे का, त्याच्या पाठीला जखम आहे का, हें विचारण्याची पाळी त्या दिवशीं क्वचितच येते. त्याच्या उण्या अंगाचें माप होतें. बाकीचा माणूस तपासावयाचा राहतो.

कायद्यानें या बाबतींत आपलें काम बरेंचसें केलें आहे. १९९५ च्या कायद्यांत अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते. २०१६ सालीं झालेल्या आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलांत आलेल्या नव्या कायद्यानें ते एकवीस केले. त्याचें पंचविसावें कलम म्हणतें कीं, सरकारी व खाजगी दोन्ही इस्पितळांच्या सर्व भागांत अपंगांना विनाअडथळा जातां आलें पाहिजे आणि तपासणींत व उपचारांत त्यांना अग्रक्रम मिळाला पाहिजे. सत्तेचाळिसावें कलम तर आपल्या विषयाचा गाभाच आहे: डॉक्टर, परिचारिका, इतर वैद्यकीय कर्मचारी, एवढेंच नव्हे तर आशा व अंगणवाडी सेविका यांच्याहि शिक्षणक्रमांत अपंगत्वाचा विषय असला पाहिजे, असें तें सांगतें. त्यानुसार २०१९ पासूनच्या वैद्यकीय अभ्यासक्रमांत प्रारंभींच्या वर्गांतच या विषयाला कांहीं तास मिळाले. पुढें २०२४ सालीं नव्या मार्गदर्शिका निघाल्या तेव्हां हा भाग गाळला गेल्याची तक्रार खुद्द कांहीं डॉक्टरांनाच करावी लागली. यावरून एवढें दिसतें कीं, जें कलमानें येतें तें कलमाच्या एका फटकाऱ्यानें जाऊंहि शकतें. जें हातांत आणि अंगवळणीं बसतें तेंच टिकतें.

मग हें अंगवळणीं बसावें कसें? माझें उत्तर असें आहे कीं, या विषयाचा गुरु अपंग माणूसच असावा. व्याख्यानें हवींत, चित्रें हवींत. परंतु ज्या वर्गांत चाकाच्या खुर्चींतला माणूस समोर बसून "मला उचलतांना हात येथें घाला, येथें घालूं नका" असें सांगत नाहीं, तो वर्ग अपुरा आहे. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचें चरित्र या दृष्टीनें मोठें बोधप्रद आहे. ऐन उमेदीच्या वयांत त्यांचें कमरेखालचें अंग निकामी झालें. निराशेच्या त्या काळांत त्यांना धीर व दिशा दिली ती बाबूकाका दिवाण यांनीं. आणि बाबूकाका स्वतःच चाकाच्या खुर्चींत बसणारे होते. पुढें नसीमाताईंनीं १९८४ सालीं 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था काढून हजारोंना उभें केलें, आणि 'चाकाची खुर्ची' हें आत्मचरित्रहि लिहिलें. जें ज्ञान एका अपंगाकडून दुसऱ्या अपंगाकडे जातें, तें डॉक्टरांपर्यंत पोंचूं नये काय?

असा गुरु लाभला तर शिकवावयाच्या गोष्टी मोजक्याच आहेत. पहिली गोष्ट विचारण्याची: प्रश्न रोग्याला करावा, सोबत्याला नव्हे; सोबत्याचें सांगणें नंतर ऐकावें. बहिऱ्याशीं समोर बसून, तोंड उजेडाकडे ठेवून बोलावें, आणि लिहून किंवा चित्रें दाखवून तो समजला कीं नाहीं याची खात्री करावी. आंधळ्याला हात लावण्यापूर्वीं आपण कोण व काय करणार हें सांगावें. दुसरी गोष्ट हाताळण्याची: चाकाच्या खुर्चीची बैठक जमिनीपासून साधारण दीड फूट असते आणि तपासणीचें टेबल अडीच फूट, हा एक फुटाचा डोंगर रोग्याला न दुखवितां कसा ओलांडावा, हें शिपायापासून डॉक्टरपर्यंत सर्वांना आलें पाहिजे. तिसरी गोष्ट ओळखण्याची: अपंगत्व तें कोणतें आणि नवा रोग तो कोणता, हें वेगळें करून पाहावें, आणि बधिर अंग डोळ्यांनीं तपासल्याशिवाय रोग्यास घरीं पाठवूं नये. चौथी गोष्ट घरीं गेल्यावर काय होईल याची: आंधळ्याच्या सकाळच्या पुडीला एक दोरा व रात्रीच्या पुडीला दोन दोरे बांधून दिले, तर त्याला दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांची गरज उरत नाहीं.

हें सर्व ठीक आहे, पण धाराशिवसारख्या जिल्ह्यास तें परवडावें कसें, अशी शंका येईल. २०१८ सालीं केंद्र सरकारनें विशेष लक्ष देण्यासाठीं जे मागासलेले जिल्हे निवडले त्यांत हा एक आहे. डॉक्टर थोडे, रांगा मोठ्या, पावसाचा भरवसा नाहीं; तेथें एका रोग्याला पंधरा मिनिटें कोण देणार? ही अडचण खोटी नाहीं. उतरणी बांधावयास, बुटकीं टेबलें घ्यावयास पैसा लागतो, आणि तो सरकारनें दिलाच पाहिजे. परंतु प्रश्न रोग्याला विचारण्यास पैसा लागत नाहीं. कूस वळवून पाठ पाहण्यास दोन मिनिटें पुरतात. तीं दोन मिनिटें वांचविलीं म्हणून माझ्या त्या रोगी बाईंचे चार महिने गेले आणि इस्पितळाची एक खाट चार महिने अडली. हिशेबच करावयाचा तर तो असा पुरता करावा.

शिवाय शिकविण्याच्या बाबतींत हा जिल्हा दरिद्री नाहीं. तुळजापूर तालुक्यांतील अणदूर येथें डॉ. शशिकांत अहंकारी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननें खेड्यांतल्या साध्या, अल्पशिक्षित स्त्रियांना 'भारतवैद्य' म्हणून तयार करून दाखविलें. ज्या हातांनीं कालपर्यंत खुरपें धरलें ते आरोग्याचें काम करूं शकतात, हें या मातीनें पाहिलें आहे. आतां तर २०२२–२३ या वर्षापासून धाराशिव शहरांत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयहि सुरू झालें आहे. जुन्या संस्थांना जुन्या खोडी मोडाव्या लागतात. नव्या संस्थेला त्या लागूंच न देण्याची संधि असते. तेथील विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षीं सास्तूर–लोहाऱ्याकडील एखाद्या अपंग कुटुंबाच्या घरीं धाडावें. त्या घरीं त्यांनीं औषध देऊं नये, फक्त ऐकावें. गांवची आशाताई त्यांच्या सोबत असावी, म्हणजे तीहि शिकेल आणि तेहि शिकतील.

शेवटीं दोन शब्द शहरांतल्या श्रोत्यांसाठीं. आपणांपैकीं पुष्कळांच्या घरीं ऐकूं न येणारी आजी असेल, अर्धांगवायूनें एक बाजू गेलेले वडील असतील. त्यांना डॉक्टरकडे नेलें म्हणजे आपणच पुढें होऊन सारें सांगतों. प्रेमानें सांगतों, घाईनें सांगतों. डॉक्टरहि मग आपल्याशींच बोलतात, आणि ज्याचें शरीर तो मध्यें गांठोड्यासारखा बसून राहतो. अपंगांची सेवा शिकण्याची शाळा इस्पितळांत निघेल तेव्हां निघो. तिचा पहिला वर्ग आपल्या घरीं आजच भरवितां येईल. पुढच्या वेळीं डॉक्टरांनीं "यांना काय होतें?" असें आपणांस विचारलें, तर एवढेंच म्हणावें, "त्यांनाच विचारा, डॉक्टर, त्या सांगतील." आणि त्या सांगूं लागल्या म्हणजे आपण थोडें गप्प राहावें. मला हें वेळेवर कळलें असतें, तर एका भगिनीचे चार महिने वांचले असते.